तुमी मागनं या

माझ्या नव्या रेकॉर्डवर ट्रॅक चार आहेत आणि गाणं एकच. नाव 'उतार'. पहिला ट्रॅक माझा, बाकीचे तीन त्याचे रिमिक्स. मागे कुठली कंपनी नाही की मॅनेजर नाही. मुखपृष्ठापासून बारकोडपर्यंत सगळं पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरातून झालं. पोटापाण्यासाठी मी जाहिराती आणि ऑडिओबुकांचं ध्वनिसंकलन करते. इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक हे रात्रीचं आणि रविवारचं काम, पण माझा जीव त्यातच आहे.

रिमिक्स म्हटलं की आपल्याकडे अजूनही लोकांना जुन्या हिंदी गाण्यावर चढवलेला ठेकाच आठवतो. दोन हजारच्या दशकात अशा गाण्यांचा पूर आला होता आणि त्यावर टीकाही भरपूर झाली. त्यामुळे मी 'तीन रिमिक्स काढतेय' असं सांगितलं की घरची मंडळी जरा नाराजीनंच बघायची. 'स्वतःचं चांगलं गाणं दुसऱ्याच्या हातात कशाला देतेस?' हा आईचा प्रश्न. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मला हे काम करतानाच सापडत गेलं, म्हणून हे लिहायला घेतलं.

गाणं हलगीवर उभं आहे. मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे कुस्तीच्या मैदानात हलगी, घुमकं आणि कैताळ वाजायला लागलं की आखाड्याबाहेर बसलेल्या माणसाचेही पाय हलतात. लहानपणापासून तो आवाज कानात बसलेला. बाजारात हलगीच्या आवाजाच्या तयार फायली विकत मिळतात, त्यातल्या काही बऱ्याही असतात. पण त्यात एकेक सुटा ठोका मिळतो, किंवा चार मात्रांचा तुकडा. दहा मिनिटं सलग वाजवणारा माणूस त्यात नसतो. मला तो माणूस हवा होता.

ओळखीतून एक हलगीवाले काका मिळाले. साठीच्या पुढचे, हाडानं बारीक, बोलायला कमी. हलगी घरात रेकॉर्ड करणं शक्यच नव्हतं. शेजारी तर वैतागले असतेच, शिवाय छोट्या खोलीत तिचा आवाज भिंतींवर आपटून इतका कर्कश होतो की मायक्रोफोन काही पकडूच शकत नाही. उन्हाळ्यात गुळाचा हंगाम संपला की कोल्हापूरच्या मार्केट यार्डातली गोदामं मोकळी असतात. त्यातलं एक मिळालं. उंच पत्रा, जाड भिंती आणि हवेत अजून गुळाचा वास. एक मायक्रोफोन हलगीपासून हातभर अंतरावर, दुसरा पार पलीकडच्या भिंतीशी. जवळचा ठोका देतो, लांबचा जागा देतो. नंतर दोन्हींचं प्रमाण कमीजास्त करता येतं.

काकांनी आल्या आल्या आधी जाळ केला. कातड्याची हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही. त्यांनी कोपऱ्यातला पालापाचोळा आणि रद्दी एका पत्र्याच्या पाटीत पेटवली, हलगी त्यावर गोल फिरवली, मध्येच बोटानं टिचकी मारून ऐकली, परत फिरवली. कातडं ताणलं की आवाज चढतो. वाजवता वाजवता ते गार होतं आणि आवाज हळूहळू उतरतो. संकलन करणाऱ्याला हे त्रासाचं असतं, कारण सुरुवातीचा तुकडा आणि शेवटचा तुकडा एकमेकांना जोडता येत नाहीत, स्वर जुळत नाही. काकांना मात्र त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. हलगी उतरली की शेकायची. मी रेकॉर्डर बंद न करता शेकण्याचाही आवाज घेतला. तो पुढे कामी आला, ते नंतर सांगते.

मग मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला. आमच्या कामात वादकाच्या कानात एक टिकटिक सोडतात, ठरलेल्या वेगाची. तिच्या आधारानं वाजवलं की पुढे सगळं यंत्रावर बरोबर बसतं. काकांनी थोडं वाजवलं, थांबले, हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"ताई, ही टिकटिक बंद करा. माझ्या मागं कुणीतरी काठी घिऊन लागल्यागत हुतंय."

मी म्हटलं, "काका, पण मग मला माझे आवाज जोडताना कठीण जाईल."

"तुमचं यंत्र हुशार हाय न्हवं? मग म्या वाजवतो, तुमी मागनं या."

त्यांनी टिकटिकीशिवाय वाजवलं. एका जागी उभं राहून, अंग थोडं पुढं झुकवून, जाड टिपरू उजव्या हातात आणि बारीक काडी डाव्या हातात. बारीक काडीचा हात इतका सैल की ती आपली आपणच थरथरतेय असं वाटावं. वेग सुरुवातीला मिनिटाला ११२ ठोक्यांच्या आसपास होता, शेवटी १२६ पर्यंत चढला. चढ कुठेही अचानक नव्हता. ऐकणाऱ्याला तो कळत नाही. छाती भरून येते एवढंच कळतं.

पुण्याला येऊन मी त्या फाइलवर मात्रेमात्रेला खूण करत बसले. संगणकात दोन रस्ते असतात. एक, वादकाचा प्रत्येक ठोका खेचून यंत्राच्या रेघेवर बसवायचा. दुसरा, यंत्राचा वेगच वादकामागे बांधायचा. पहिला सोपा आणि सर्रास वापरला जाणारा. मी तो एका तुकड्यावर करून बघितला तेव्हा लक्षात आलं की काकांचा जाड ठोका जवळजवळ नेहमी रेघेच्या किंचित अलीकडे पडतो आणि बारीक काडी किंचित पलीकडे. काही मिलिसेकंदांचाच फरक, पण हलगीचं सगळं पळणं त्या फरकात होतं. ते सरळ केल्यावर उरलं ते एक नीटनेटकं डबडं. म्हणून दुसरा रस्ता. माझा किक, म्हणजे ड्रमचा खर्जातला ठोका, माझा बेस, सिंथसायझरचे सूर, सगळे काकांच्या मागे चालले. नाच-संगीतात साधारणपणे किक पडला की बेस क्षणभर दबतो, त्यानं गाण्याला तो ओळखीचा हेलकावा येतो. मी बेसला किकच्या जागी हलगीच्या जाड ठोक्यावर दबायला लावलं. गाणं श्वास घ्यायला लागलं ते तिथून.

आता यात एक अडचण होती आणि ती खरी होती. ज्या गाण्याचा वेग चढत जातो ते डीजेला वाजवता येत नाही. म्हणजे वाजवता येतं, पण एका गाण्यातून दुसऱ्यात न थांबता जाता येत नाही, कारण दोन्ही गाणी एकाच वेगानं चालली तरच ती एकमेकांवर बसतात. सत्तरच्या दशकातल्या डिस्कोच्या रेकॉर्डवर हाडामांसाचे ड्रमवाले असायचे, तेही पुढेमागे व्हायचे. न्यूयॉर्कचे डीजे टर्नटेबलचा वेग बोटानं कमीजास्त करत ते सांभाळायचे. १९८० साली रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम वाजवणारं यंत्र आलं, पुढे शिकागोच्या पोरांनी अशाच यंत्रांवर हाऊस संगीत उभं केलं. ठोका यंत्राच्या हातात गेला तसा डीजेचा तो त्रास संपत गेला. आपल्याकडेही मुंबईतले चरणजीत सिंग हे चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ साली एका रेकॉर्डसाठी ८०८ आणि टीबी-३०३ हे बेस वाजवणारं यंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. त्या वेळी ती रेकॉर्ड कुणाच्या फारशी लक्षात राहिली नाही. २०१० मध्ये एका डच कंपनीनं ती परत काढल्यावर जगभरच्या लोकांच्या ध्यानात आलं की शिकागोत १९८७ साली ज्याला ॲसिड हाऊस म्हणू लागले तसा आवाज पाच वर्षं आधी मुंबईत निघाला होता. मी ती रेकॉर्ड पुन्हापुन्हा ऐकते. तिच्यात यंत्र पुढे आहे आणि राग त्याच्या मागे चालतो, आणि तरीही ती फार सुंदर आहे. म्हणजे यंत्राला मान देण्यात कमीपणा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. माझ्या गाण्यात ते उलटं होतं, एवढंच.

तर नाचणाऱ्यांसाठी केलेलं गाणं नाचाच्या जागी पोचायचं असेल तर त्याची दुसरी आवृत्ती हवी. रिमिक्सचा जन्मही याच गरजेतून झाला आहे. जमैकात किंग्स्टनला किंग टबी नावाचा गृहस्थ होता. रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचा. त्याची स्वतःची साउंड सिस्टीम होती, म्हणजे मोठाले स्पीकर रस्त्यावर मांडून लोकांना नाचवायचं. त्यासाठी तो तयार गाण्यातून आवाज काढून टाकायचा, ठेका आणि बेस ठेवायचा, मध्येच एखादा शब्द प्रतिध्वनीत सोडून द्यायचा. त्यातून डब हा प्रकार उभा राहिला. न्यूयॉर्कमध्ये १९७६ साली सॅलसोल कंपनीनं वॉल्टर गिबन्स या डीजेच्या हातात 'टेन पर्सेंट' या गाण्याच्या मूळ टेप दिल्या. त्यानं ते जवळपास दहा मिनिटांचं केलं, आणि ते बारा इंची रेकॉर्डवर दुकानात विकायला आलं. मोठ्या रेकॉर्डवर चर रुंद बसतात, त्यामुळे आवाज भारदस्त येतो. टेप डीजेच्या हातात का दिल्या? कारण लोक कुठल्या जागी नाचायचे थांबतात हे रोज रात्री त्याला समोर दिसत होतं. स्टुडिओत बसलेल्याला ते दिसत नाही.

हे मनात ठेवूनच मी माणसं निवडली. माझ्यासारखंच काम करणाऱ्या, माझ्याच ओळखीच्या पबमध्ये वाजवणाऱ्या मित्राला दिलं असतं तर त्यानं माझंच गाणं थोडं निराळ्या कपड्यात परत दिलं असतं. तसं एक आलंही. ओळखीच्या एकानं हौसेनं करून पाठवलं. किक मोठा, मध्ये टाळ्या, बाकी सगळं जागच्या जागी. ते मी घेतलं नाही आणि त्याला तसं स्पष्ट कळवलं. ज्या रिमिक्समध्ये समोरच्यानं काही निर्णय घेतलेला नाही तो रेकॉर्डवर जागा अडवतो, असं माझं मत आहे.

पहिला रिमिक्स इचलकरंजीच्या एका मुलानं केला. दिवसा यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहितो, संध्याकाळी ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो आणि वराती-मिरवणुकांसाठी डॉल्बीवर वाजवायची गाणी बनवतो. आमच्या भागात ट्रकवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला डॉल्बीच म्हणतात, त्या नावाच्या कंपनीशी संबंध असो नसो. पुण्या-मुंबईतले स्वतंत्र कलाकार या मुलांना आपल्यातले मानत नाहीत. मला ते पहिल्यापासून खटकतं. किंग टबीचं नाव आदरानं घ्यायचं आणि तेच काम तशाच रस्त्यावर करणाऱ्या इचलकरंजीच्या पोराला हसायचं, हे कुठलं संगीतप्रेम?

मी त्याला सगळे आवाज सुटे करून पाठवले. हे कामही नीट करावं लागतं. प्रत्येक आवाजाची फाइल गाण्याच्या अगदी आरंभापासून सुरू झाली पाहिजे, मध्ये तो आवाज नसला तरी तेवढी शांतता तशीच ठेवून. म्हणजे समोरच्यानं आपल्या संगणकात सगळ्या फायली एकाखाली एक टाकल्या की त्या आपोआप जुळतात. प्रतिध्वनी लावलेली आणि कोरडी अशी दोन्ही रूपं द्यायची. फाइलच्या नावात वाद्य, वेग, स्वर. माझ्या बाबतीत वेगाच्या जागी एक आकडा लिहिता येत नव्हता, म्हणून मी वेगाचा नकाशाच वेगळा जोडला.

त्याचा फोन दुसऱ्याच दिवशी आला.

"ताई, गाणं जबरी हाय. पण ह्यावर माणूस चालंल कसं?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यानं समजावून सांगितलं. मिरवणूक पुढे सरकत असते. लोक उभ्या जागी नाचत नाहीत, नाचत चालतात, मागे ट्रक असतो. १२६ वर माणूस जागेवर उड्या मारेल, चालणार नाही. मग पुढची रांग अडते आणि ट्रक थांबतो. म्हणून त्यानं वेग १०८ वर आणून पक्का बांधला आणि बारीक काडीचे ठोके तसेच दाट ठेवले. अंगाला जोर कमी वाटत नाही, पायाला सवड मिळते. दुसरं म्हणजे त्यानं गाणं एकाच वाहिनीत आणलं. मी डावी-उजवीकडे पसरवलेले सिंथसायझरचे सूर, ज्यांच्यावर मी कितीतरी रात्री घातल्या होत्या, ते जवळजवळ सगळे गेले. कारण डॉल्बीची भिंत एकच आवाज फेकते. डावं-उजवं एकत्र केल्यावर माझे ते रुंद सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि नुसती फसफस उरते, हे त्यानं मला फोनवर वाजवून दाखवलं. तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली. गाणं चढून ठेका पडायच्या आधी त्यानं एक संपूर्ण आवर्तन मोकळं सोडलं होतं. किक नाही, बेस नाही, काही नाही. एवढी मोठी पोकळी मी कधी ठेवली नसती. "तितं पोरं वरडत्यात, ताई," तो म्हणाला. "त्यास्नी जागा सोडाय लागती."

डॉल्बीचा त्रास मला ठाऊक आहे. आमच्या गल्लीत मिरवणुकीच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना खिडक्या लावून, कानात कापूस घालून बसलेलं मी पाहिलं आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद ठेवायचे आहेत, आणि हे पाळलंच पाहिजे. त्याबद्दल मी त्या मुलाशीही बोलले आणि त्यालाही ते पटतं. पण आवाज किती मोठा लावायचा हा एक प्रश्न आणि गाणं कसं रचायचं हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नातलं त्याचं ज्ञान माझ्यापेक्षा जास्त आहे.

हा रिमिक्स मी काकांना ऐकवायला कोल्हापूरला गेले. त्यांनी फोन कानाशी धरला, मग म्हणाले मोठ्या डब्यावर लावा. स्पीकरवर लावला. मान हलत होती. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला.

"ह्यानं माझं बोलणं अर्ध्यात तोडलंय."

हाऊस काय किंवा डॉल्बी काय, सगळं आठ-आठ आवर्तनांच्या खणांत चालतं. आठ झाली की काहीतरी बदलतं, हे नाचणाऱ्याच्या अंगात भिनलेलं असतं. काकांची हलगी तशी चालत नाही. त्यांचा एक मोठा तुकडा आठव्या आवर्तनात सुरू होऊन नवव्यात येऊन पडत होता, आणि मुलानं आठव्यावर कात्री लावली होती. मी तिथूनच इचलकरंजीला फोन लावून दोघांना बोलायला दिलं. दोघांचं बोलणं बराच वेळ चाललं, त्यात तोंडानं वाजवलेले बोलच जास्त होते. प्रकाशित झालेल्या आवृत्तीत तिथे नऊ आवर्तनं आहेत. ऐकणाऱ्याला एक क्षण पाय कुठे टाकावा कळत नाही, आणि मग तो जाड ठोका येतो.

दुसरा रिमिक्स नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला राहणाऱ्या एका मराठी मुलाचा. तिकडे नोकरी करतो आणि टेक्नो बनवतो. त्यानं गाणं १३२ वर नेलं. त्याच्या आवृत्तीत पहिली चार मिनिटं हलगीच नाही. पहिल्यांदा ऐकताना मला एक बारीक चुरचुर ऐकू येत होती, झांजेसारखी, पण झांज नव्हे. त्यानं हलगी शेकतानाच्या जाळाची फाइल घेऊन रद्दी पेटल्याचे ते तडतडणारे कण वेचून त्यांचा ठेका केला होता. खाली टेक्नोचा काळा, एकसुरी किक आणि वर जळणाऱ्या कागदाची झांज. त्याच फाइलमध्ये काका एकदा खोकले होते. तो खोकला त्यानं लांब ताणून गाण्याच्या मध्यात ठेवला होता, दूरच्या गडगडाटासारखा. हे चालेल का, असं त्यानं मला आधी विचारलं. मी काकांना विचारलं. काका म्हणाले, खोकला माझाच हाय, असू द्या. चार मिनिटांनी हलगी येते तेव्हा ती जाळातून उचलून आणल्यासारखी तापलेली वाटते. गोदामात त्या दुपारी खरोखर जे घडलं त्याचा क्रम या रिमिक्सनं धरला आहे: आधी जाळ, मग वाद्य. माझ्या मूळ गाण्यात तो नाही.

तिसरा माझ्या एका मैत्रिणीचा. ठेका पूर्ण काढून लांबच्या मायक्रोफोनमधला गोदामाचा नुसता घुमारा तिनं घेतला आहे. नाचून झाल्यावर ऐकायचा आहे.

पैशाचं आम्ही आधीच ठरवलं होतं. साध्या मराठीत एका कागदावर: मूळ गाण्यात काकांचा वाटा किती, प्रत्येक रिमिक्समध्ये किती, रिमिक्स करणाऱ्याचा किती, माझा किती. काकांना वाजवण्याचे रोख पैसे दिले होतेच, तो वाटा त्याच्या वर. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून वादकालाही आपल्या वादनाच्या व्यापारी वापरातून मानधनाचा हक्क आहे. पण लोकवाद्यं वाजवणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा त्या दिवसाची मजुरीच पडते आणि त्याचा ठेका पुढे वर्षानुवर्षं लोक वापरतात. रिमिक्समध्ये तर हे आणखी सहज होतं, कारण एकदा सुट्या फायली बाहेर गेल्या की त्या कुठे जातील सांगता येत नाही.

गाणी दुकानांत पोचवणाऱ्या एका कंपनीच्या अर्जात वादकाची भूमिका निवडायची यादी होती, तिच्यात हलगी नव्हती, हे मी समजू शकते. पण रिमिक्सच्या तिन्ही ट्रॅकवरून काकांचं नाव गळून गेलं होतं, रिमिक्स करणाऱ्याचं आणि माझं तेवढं उरलं होतं. पत्रव्यवहार करून ते परत घालून घेतलं आणि मगच तारीख जाहीर केली. प्रत्येक आवृत्तीला स्वतःचा बारा अक्षरी आयएसआरसी क्रमांक मिळतो, त्यावरून जगात कुठेही ती वाजली तरी तिची नोंद वेगळी होते. म्हणून प्रत्येक आवृत्तीवर नावं नीट असणं भाग आहे, एकावर असून भागत नाही.

कमाई? स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केला आहे की वर्षभरात एक हजार वेळा न वाजलेल्या ट्रॅकचे पैसे मिळत नाहीत. माझ्यासारखीच्या चार आवृत्त्या म्हणजे ऐकणारे चार ठिकाणी वाटले जाणार, हे उघड आहे. थेट विक्रीसाठी बँडकॅम्प चांगलं, तिथे श्रोत्याच्या पैशातला मोठा भाग कलाकाराला मिळतो. पण तिथले व्यवहार पेपालवर चालतात आणि पेपालनं १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केले. परदेशातला अनोळखी माणूस माझी रेकॉर्ड सहज विकत घेतो आणि कोथरूडच्या श्रोत्याला अडचण येते. मग इथली माणसं मला थेट यूपीआयनं पैसे पाठवतात आणि मी त्यांना फायली पाठवते. घरगुती पद्धत आहे, पण चालते.

आजच्या घडीला चारांत सगळ्यात जास्त वाजतो तो इचलकरंजीचा. लग्नसराईत तो गावोगाव फिरला. सगळीकडे त्याचे पैसे येत नाहीत, तरी काकांना आता त्यातून वाजवण्याची निमंत्रणं येऊ लागली आहेत आणि ते बिदागी स्वतः ठरवतात. माझी चढत्या वेगाची मूळ आवृत्ती फार कमी डीजे वाजवतात. मी स्वतः वाजवते तेव्हा ती शेवटी ठेवते, कारण तिच्यानंतर दुसरं गाणं जोडता येत नाही. आणि तरीही रेकॉर्डवर ती पहिली राहील, तिच्यात बदल करणार नाही.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला असं दिलं: मी ते देऊन टाकलं नाही, माझ्याच्यानं जिथे पोचवलं गेलं नसतं तिथे ते त्यांनी नेलं. तिनं डॉल्बीचा रिमिक्स ऐकून आवाज जरा कमी कर म्हटलं, पण बंद कर म्हटलं नाही.

माझ्यासारखं घरात बसून संगीत करणाऱ्या मुलामुलींना माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या गाण्याच्या सुट्या फायली मित्रांनाच पाठवत बसू नका. तुमच्या गावात वरातीला वाजवणारा कोणीतरी आहे, त्याला शोधून पाठवा आणि तो काय काढून टाकतो ते नीट ऐका. गाण्यात कुणी वाद्य वाजवलं असेल तर फायली बाहेर पाठवण्याआधी त्याचा वाटा कागदावर लिहा, त्याला वाचून दाखवा, आणि तयार झालेला प्रत्येक रिमिक्स सगळ्यात आधी त्याला ऐकवा.